इंडी ५००ची पात्रता फेरी कंटाळवाणी?

इंडी ५०० म्हणजे अमेरिकेतली इंडियानापोलिसची ५०० मैलांची कार शर्यत. तिच्या पात्रता फेरीबद्दल तक्रार असते, "एकेक गाडी एकटीच गोल फिरते, त्यात बघायचं काय?" हे पोलच्या, म्हणजे सगळ्यात पुढच्या जागेच्या, लढतीबद्दल एक वेळ मान्य. पण शेवटच्या रांगेतल्या जागांच्या लढतीचं काय? ३३च गाड्या सुटतात आणि ट्रॅकच्या सलग चार फेऱ्यांच्या सरासरी वेगावर सगळं ठरतं. पहिली फेरी झकास गेली तरी चौथीपर्यंत टायर ढेपाळतात, आणि ड्रायव्हर कॉकपिटमधूनच अँटी-रोल बार (वळणावर गाडीचं कलणं आवरणारा दांडा) कमी-जास्त करत बसतो. बाजूला दुसरी गाडी नसली म्हणून काय झालं, मागच्या चाकांनी पकड सोडली की भिंत आहेच.

२०१९च्या पात्रता फेरीचा रविवारच घ्या. शेवटच्या रांगेत तीन जागा, सहा गाड्या. शेवटी उतरला काइल कायझर. शुक्रवारी सरावात गाडी आपटलेली, त्यामुळे हुंकोसच्या चिमुकल्या टीमने राखीव गाडी उभी केलेली. त्याची सरासरी ताशी २२७.३७२ मैल, फर्नांडो अलोन्सोची २२७.३५३. चार फेऱ्यांच्या दहा मैलांत फरक सेकंदाचा जेमतेम शंभरावा भाग! दोनदा एफ-वन विश्वविजेता ठरलेला माणूस, मॅकलारेनसारखी नावाजलेली टीम, आणि शर्यतीतून बाहेर. (पेन्स्के टीमचंही १९९५ला हेच झालं होतं, आदल्या वर्षी जिंकून.) एफ-वनमध्ये क्वालिफाइंग बिघडलं तर सहसा मागून सुटावं लागतं, इतकंच.