मदत हवी आहे: बहीण चर्चच्या (मंडळीच्या) सेवेसाठी केनियाला जातेय

नमस्कार मंडळी, मी नवापूरचा (जि. नंदुरबार). माझी धाकटी बहीण नर्स आहे. आमच्या मंडळीतले सहा जण तीन आठवड्यांसाठी केनियात किसुमूजवळ, व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या गरीब कुटुंबांत सेवेला चाललेत. तिकीट ज्याचं त्याने काढायचं. आईने तुरीचे पैसे पिठाच्या डब्यातून काढून तिच्या हातावर ठेवले, पाचशेच्या नोटांना अजून पीठ होतं. म्हणून ऐनवेळी काही अडायला नको.

2024 च्या जानेवारीपासून केनियाने व्हिसा बंद करून ऑनलाइन ईटीए (प्रवासाआधी घ्यायची इलेक्ट्रॉनिक परवानगी) आणलाय. त्यात प्रवासाचं कारण काय लिहायचं? एजंट म्हणतो, ‘पर्यटन टाका, कोण बघतंय.’ मला ते पटत नाही. देवाच्या कामाला खोटं लिहून कशाला जायचं? आणि तिथल्या परवान्याशिवाय तिने बीपी तपासणं, जखमेची पट्टी करणं चालतं का?

पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी हवी, आणि कार्ड परततानाही दाखवावं लागतं, एवढं कळलंय. लसीसाठी मुंबईलाच जावं लागेल की सुरत जवळ पडेल? अपॉइंटमेंट कशी मिळते?

तिकडे मलेरिया फार. गोळ्या इथूनच सुरू करायच्या का, हे डॉक्टरांना विचारणारच आहोत; पण कुणी स्वतः जाऊन आलं असेल तर मच्छरदाणी इथून न्यावी का, तेही सांगा. आणि त्या घरांना खरंच उपयोगी पडेल असं काय न्यावं? जुने कपडे न्यायला तिचं मन होत नाही.