अनुभव धागा: जुनं रेसचं इंजिन खरं किती सीसीचं?

गेल्या महिन्यात जळगावात यामाहा आरएक्सचं एक इंजिन घेतलं. विकणाऱ्याचं म्हणणं, दोन हंगाम मातीच्या ट्रॅकवर पळालंय, १३५ आहे. इंजिनच्या केसवरचा नंबर फक्त कारखान्यातून काय निघालं ते सांगतो, पुढे लेथवर काय झालं ते नाही. आरएक्स १०० चा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिमी आणि स्ट्रोकही (पिस्टनची वर-खाली धाव) ५०, म्हणजे ९८ सीसी. १३५ चा बोअर ५८, स्ट्रोक ५०, म्हणजे १३२. माझं इंजिन अजून बंदच आहे. तुम्ही कसं ओळखलंत, कुठे फसलात, ते सविस्तर लिहा. खान्देशात रेसचं जुनं सामान घेणारी पोरं वाढली आहेत, त्यांना उपयोग होईल.

धुळे, लेथचं काम

माझ्याकडे येणारे सगळे बोअर मोजून येतात. स्ट्रोक कोणीच मोजत नाही, आणि खरी फसगत तिथेच होते.

असंच एक १३५ आलं होतं. पिस्टनच्या माथ्यावर कार्बन होता, तो पुसल्यावर ५० चा शिक्का दिसला, म्हणजे ०.५० ओव्हरसाइज, मूळ मापापेक्षा अर्धा मिमी मोठा. बोअर गेजने वर, मध्ये, खाली, तेही आडवं-उभं मोजलं. ५८.५० भरलं. बोअरचा वर्ग गुणिले स्ट्रोक गुणिले ०.७८५४, सगळी मापं सेंटिमीटरमध्ये. स्ट्रोक ५० धरला तर १३४.४ सीसी. पोरगा खूश.

माझी नजर मात्र बॅरलखाली, म्हणजे सिलिंडरच्या नळीखाली गेली. तिथे पॅकिंगसोबत १ मिमीची ॲल्युमिनियमची पट्टी होती. हेड काढलेलंच होतं. व्हर्निअरची मागची दांडी बॅरलच्या काठावरून पिस्टनच्या बरोबर मध्यावर टेकवली, एकदा पिस्टन वर असताना, एकदा खाली. दोन्हींतला फरक ५२ मिमी! क्रँकपिन (क्रँकवर कनेक्टिंग रॉड बसतो ती पिन) १ मिमी बाहेर सरकवलेली होती. तेवढ्याने पिस्टन १ मिमी जास्त वर जातो आणि १ मिमी जास्त खाली, म्हणून स्ट्रोक २ मिमीने वाढतो. वरचा १ मिमी सामावायला ती पट्टी. नवा हिशेब १३९.८. रेसच्या गटाची मर्यादा १३५ सीसी असेल तर पहिला आकडा पास, दुसरा बाद.

मे महिन्यात उन्हात पडलेलं बॅरल लगेच मोजू नका. सीसीत फरक पडत नाही, पण पिस्टनची क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि बॅरलमधली फट, चुकीची धराल.

भुसावळ

माझं उलट. पाचशेची म्हणून बुलेट घेतली. ३५० चा बोअर ७०, ५०० चा ८४, स्ट्रोक मात्र दोन्हींचा ९०. त्यामुळे प्लगच्या भोकातून तार घालून स्ट्रोक मोजला तरी काहीच कळलं नाही.

हेड न उघडता तेल भरून मोजलं. त्यासाठी आधी टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग) पूर्ण सैल करून दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवावे लागतात, कारण पिस्टन तळाशी असताना एक ना एक व्हॉल्व्ह उघडा असतोच, आणि रेसच्या कॅमला तर जास्तच. इंजिन असं तिरकं धरलं की प्लगचं भोक सगळ्यात वर येईल. पिस्टन तळाशी ठेवून काठोकाठ तेल भरलं, मग इंजिन हाताने हळूहळू फिरवत बाहेर येणारं तेल मापात धरलं. सुमारे ३५५ मिली. पाचशे नव्हतीच, रिबोअर केलेली, म्हणजे बोअर मोठा केलेली ३५० होती. नंतर उघडल्यावर बोअर ७१ निघाला, हिशेबाने ३५६.

कृपा करून तेल आत असताना किक मारू नका. तेल दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

अमळनेर

वरची तेलाची युक्ती टू-स्ट्रोकला चालत नाही. पिस्टन तळाशी असताना पोर्ट (बॅरलच्या भिंतीतली भोकं) उघडेच असतात, माझं सगळं तेल सायलेन्सरमध्ये गेलं. शेवटी गावातल्या जुन्या मिस्तरीने हेड खोललं, बोअरला व्हर्निअर लावला आणि एवढंच बोलला, "भाऊ, हाई १३५ नही शे." बोअर ५१ होता. ओव्हरसाइज पिस्टनची आरएक्स १००, १०२ सीसी.

चाळीसगाव

रॅलीतल्या जिप्सीचं १३०० चं इंजिन. मूळ बोअर ७४, स्ट्रोक ७५.५, १२९८ सीसी. मी एकच सिलिंडर मोजला, ७४.५ निघाला, चारने गुणून १३१६ लिहून टाकलं. चौथ्याला नंतर नवा लायनर (सिलिंडरची आतली नळी) घातलेला होता, तो ७४ वरच. खरी बेरीज १३१२. चारही सिलिंडर वेगवेगळे मोजा.

धागाकर्ता, जळगाव

काल हेड उघडलं. बॅरलखाली पट्टी माझ्याकडेही निघाली, काळजात धस्स झालं. पण धुळ्याच्या भाऊंनी सांगितलं तसं तीन वेळा मोजलं, स्ट्रोक ५०च. बॅरलचा वरचा काठ मात्र पट्टीच्या जाडीइतकाच लेथवर छाटलेला आहे, म्हणजे पट्टी पोर्ट वर उचलण्यासाठी घातलेली, स्ट्रोकसाठी नाही. बोअर ५८.२५. हिशेब १३३.२ सीसी. आकडा पिस्टनच्या जुन्या खोक्यावर मार्करने लिहून ठेवलाय. आता रिंगची गॅप बघायला घेतो.