मदत हवी आहे: अंजनेरीचा डोंगर फोटोत फिका आणि बारका येतोय

माहेरवाट:
तीन रविवार गेले, जमतच नाहीये. नाशिकजवळ महिरावणीकडे मामाच्या शेताच्या बांधावरून अंजनेरीचा डोंगर दिसतो, तोच फोटो हवाय. डोळ्यांना केवढा मोठा दिसतो, आणि फोटोत नुसतं टेकाड. वर आकाश पांढरं फटक, डोंगर राखाडी. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आता तिला बांधापर्यंत नेणं होत नाही. लहानपणी ती तिथेच गुरं राखायची. दसऱ्याला तिच्या खोलीत तीन फुटी फ्रेम लावायचीय. प्रिंटवाला फाइल बघून म्हणाला, एवढी मोठी होणार नाही. कोणती सेटिंग ठेवू? दहाच दिवस उरलेत.

घाटवाट:
सेटिंगचं नंतर बघू. मोबाइल की कॅमेरा? किती वाजता काढता?

कातळकडा:
ताई, अंजनेरी कशाला? हरिहर किल्ल्यावर जा. निरगुडपाड्याच्या बाजूने चढलात की त्या कातळात कोरलेल्या पायऱ्या. फ्रेम लावायची तर त्याचीच. पावसाळ्यानंतर लगेच जा, हिरवाई टिकून असते.

माहेरवाट:
आईने हरिहर कधी पाहिलेला नाही हो. तिला तिचा डोंगर हवाय.

आयएसओ१००:
सीपीएल फिल्टर घ्या, म्हणजे लेन्सपुढे लावून फिरवायची चकाकी कापणारी काच, प्रश्न मिटला. आकाश निळं होतं, धुरकटपणा कापला जातो. माझ्या बॅगेत तो नसेल तर मी घराबाहेर पडत नाही.

घाटवाट:
सीपीएल सूर्याच्या काटकोनात सगळ्यात जास्त काम करतो. सूर्य समोर किंवा थेट पाठीशी असेल तर फारसा फरक पडत नाही. त्या कुठे तोंड करून उभ्या असतात हेच अजून कळलेलं नाही, आणि तुम्ही खरेदी करायला लावताय.

आयएसओ१००:
ओल्या पानांवरची चकाकी तरी जाते ना? भंडारदऱ्याला जाऊन एकदा लावून बघा, मग बोला.

खाडीकाठ:
आमच्याकडे डहाणूला समुद्राचे फोटो काढताना ट्रायपॉडचे पाय ओल्या वाळूत रुततात, लाट आली की आणखी खचतात. पाय आधीच दाबून रोवायचे. भरती-ओहोटीची वेळ बघूनच निघायचं. आणि खाऱ्या वाऱ्याने लेन्सवर थर बसतो, तो कोरड्या फडक्याने घासायचा नाही, ओरखडे पडतात.

माहेरवाट:
समुद्र नाहीये इथे! मोबाइल आहे, ५० मेगापिक्सेलचा. रविवारी घरचं आटोपून निघते, पोचेपर्यंत पाच वाजतात. डोंगर पूर्ण मावावा म्हणून ०.६ वर घेते.

घाटवाट:
हे दोन्ही आधी सांगितलं असतंत तर! ०.६ म्हणजे वाइड लेन्स. तिच्यात जवळचं गवत अवाढव्य दिसतं आणि लांबचा डोंगर आक्रसतो. २ किंवा ३ वर घ्या, कड्यांनी फ्रेम भरू द्या. एका फोटोत मावला नाही तर फोन उभा धरून ओळीने चार-पाच फोटो काढा आणि जोडा.

आता वेळ. महिरावणीहून डोंगर नैर्ऋत्येकडे. संध्याकाळी सूर्य त्याच बाजूला, म्हणजे तुम्हाला दिसते ती डोंगराची सावलीची बाजू. मधली सगळी धूळ उजळते आणि त्यामागचा डोंगर फिका पडतो. तिथे कोणतीही सेटिंग कामाची नाही. सकाळी जा. सूर्य पाठीशी असेल, ऊन आधी माथ्यावर पडेल, मग कड्यांवरून खाली उतरेल. ती पंधरा-वीस मिनिटं गाठा.

बांधावरचा:
आणि लेन्स पुसा. बोटाचा तेलकट ठसा असला की समोरच्या उन्हात अख्ख्या फोटोवर पांढुरकी साय धरते. माझं पूर्ण एक वर्ष असंच वाया गेलंय.

प्रिंटचं: फोन एरवी १२ मेगापिक्सेलचीच फाइल ठेवतो, ५० चा मोड वेगळा चालू करावा लागतो. १२ ची फाइल ४००० पिक्सेल रुंद, तीन फुटांवर इंचाला १११ पडतात. पाच-सहा फुटांवरून बघायच्या फ्रेमला तेवढे चालून जातात. प्रिंटवाल्याला फाइल कशी दिली?

माहेरवाट:
चॅटवर पाठवली.

बांधावरचा:
मग बरोबर. चॅटवर फोटो आपोआप लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर पेनड्राइव्हवर न्या.

कातळकडा:
एवढं कशाला, ॲपमध्ये आकाश बदलून टाका. दोन मिनिटांत निळं.

घाटवाट:
आईच्या डोंगरावर दुसरीकडचं आकाश? उजेड-सावली नीट करा, काळपटपणा काढा, एवढं ठीक. आकाश बदलू नका.

कातळकडा:
सगळेच बदलतात. उगाच सोवळं पाळू नका.

रानफुले:
थोडं वेगळं, पण डोंगरावरही जाणार असाल तर फुलं पुढे ठेवून फोटो काढताना पाय जपून टाका. अंजनेरिका नावाचं कंदीलपुष्प पहिल्यांदा याच डोंगरावर नोंदलं गेलं, नावही त्यावरूनच. हातभर रोप, गवतात दिसतसुद्धा नाही. लोक फोटोसाठी आडवे झोपतात आणि बाकीची रोपं चिरडतात. जीव तुटतो बघून.

घाटवाट:
हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.
माहेरवाटताई, सकाळी खाली धुकं असलं तर उजेड किंचित वाढवा. पांढरं बघून फोन फोटो काळवंडून टाकतो.

माहेरवाट:
आज गेले होते. सव्वासहालाच बांधावर. ओढणीने लेन्स पुसली, ३ वर ठेवलं. भाताच्या खाचरांवर धुकं होतं. आधी माथ्याची नुसती कड तांबूस झाली, मग एकेक घळ दिसायला लागली. संध्याकाळी त्या घळी मला कधीच दिसल्या नव्हत्या. घरी आल्यावर आईने फोन डोळ्यांजवळ धरला आणि कड्यावर बोट ठेवून म्हणाली, "इथून पाऊस उतरायचा. इथे काळं झालं की आम्ही गुरं वळवायचो."

एकच अडचण आहे. डावीकडे विजेचा खांब आलाय. तिच्या वेळी तो नव्हता, काढून टाक म्हणते.

कातळकडा:
मी म्हणतच होतो, ॲप!

बांधावरचा:
डावी बाजू कापा की.

माहेरवाट:
कापलं तर आंबा जातो. तो आजोबांनी लावलेला आहे.

घाटवाट:
मग उद्या पुन्हा जा. खांब आंब्याच्या खोडाआड दडेपर्यंत बांधावरच सरकत राहा. आणि या वेळी ५० चा मोड लावायला विसरू नका.