पिठीसाखरेच्या कुकीज पसरतात, वरची साखरही विरघळते : चूक कुठे होते?

दांडियाबाजार_बडोदे:
नाताळच्या सुट्टीत नातवंडे येणार आहेत, म्हणून पिठीसाखरेत घोळवलेल्या गोल, पांढऱ्याशुभ्र कुकीज करून ठेवण्याचा विचार आहे. परवा थोड्या करून पाहिल्या. साय विरजून काढलेले घरचे लोणी १०० ग्रॅम, मिक्सरमध्ये दळलेली साखर ५० ग्रॅम आणि मैदा १५० ग्रॅम घेतला होता. ओव्हनमध्ये १८० अंशांवर ठेवल्यावर दहाच मिनिटांत गोळे पसरून एकमेकांना चिकटले. त्या गरम असतानाच साखरेत घोळवल्या, तेव्हा साखरेचा चिकट थर झाला आणि पांढरेपणा कुठच्या कुठे गेला. दिवाळीतली माझी नानकटाई कधी बिघडत नाही, त्यामुळे हे जरा मनाला लागले आहे.

कारेलीबागची_भट्टी:
ताई, आपली नानकटाई बिघडत नाही, कारण ती तुपाची असते आणि तुपात पाणी जवळजवळ नसतेच. घरच्या लोण्यात मात्र ताकाचे पाणी बरेच राहते. ते पीठ सैल करते आणि कुकीला खुसखुशीतपणाऐवजी चिवटपणा आणते. लोणी बर्फाच्या पाण्यात दोनदा धुऊन, तळहाताने दाबून पाणी काढावे, फडक्यावर निथळू द्यावे आणि त्यानंतरच वजन करावे. दुसरे असे, की लोणी साधारण ३५ अंशांच्या आत, म्हणजे आपल्या हाताच्या उबेनेही, वितळू लागते. म्हणून गोळे वळून झाल्यावर अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावेत आणि ते गार ट्रेवरच मांडावेत. पहिल्या खेपेचा तापलेला ट्रे तसाच वापरला, तर गोळे ओव्हनमध्ये जाण्याआधीच बुडाशी सुटू लागतात. १६० अंशांवर सोळा ते अठरा मिनिटे पुरतात. वरचा भाग फिकाच राहू द्यावा आणि बुडाला हलका बदामी रंग आला की काढावे.

इंदूरकर_सुगरण:
वरील सल्ला पटला; मात्र लोण्याऐवजी तूपच घ्यावे असा अर्थ त्यातून कोणी काढू नये. तुपाने नानकटाईच होते, या कुकीची चव लोण्याचीच हवी. बाजारचे खारट लोणी वापरल्यास वेगळे मीठ घालू नये.

साखरेबद्दल सांगायचे, तर ती दोनदा लावावी लागते. कुकी हाताला कोमट लागेल इतपत निवली, की पहिल्यांदा घोळवावी. तो पातळ थर किंचित ओलसर होऊन चिकटतो. पूर्ण गार झाल्यावर दुसऱ्यांदा घोळवावी, म्हणजे पांढरेपणा टिकतो. बाजारच्या आयसिंग शुगरमध्ये थोडा कॉर्नफ्लोअर असतो, तो दमटपणा शोषून घेतो. घरी दळताना १०० ग्रॅम साखरेला एक चहाचा चमचा कॉर्नफ्लोअर घालून बारीक चाळणीने दोनदा चाळावे. मिक्सरची साखर कितीही बारीक वाटली तरी कणी राहतेच, आणि पिठातली कणी भाजताना वितळून कुकी पसरवते.

कारेलीबागची_भट्टी:
कणीचा मुद्दा माझ्याकडून राहिलाच होता. लोणी आणि साखर फार फेसू नये, हेही लक्षात घ्यावे. केकच्या सवयीने आपण हलके होईपर्यंत फेसतो, पण त्यात भरलेली हवा इथे गोळ्याला बसवते. दोन्ही नीट एकजीव झाले की थांबावे.

दांडियाबाजार_बडोदे:
आज पुन्हा केल्या. धुतलेल्या लोण्यातून निदान दोन मोठे चमचे गढूळ पाणी निघाले, ते पाहूनच उत्तर कळले. या वेळी गोळे जवळजवळ जसेच्या तसे राहिले. फक्त माथ्यावर बारीक भेगा पडल्या, आणि दुसऱ्यांदा घोळवताना साखर त्या भेगांत जाऊन बसली, ते फार सुरेख दिसले. कडेच्या चार कुकीज बुडाशी थोड्या जास्त भाजल्या होत्या, त्या आमच्या ह्यांनी चहाबरोबर संपवल्या. उरलेल्या डब्यात घालून माळ्यावर ठेवल्या आहेत, कारण खालच्या फडताळात ठेवल्या असत्या तर नातवंडे येईपर्यंत त्या टिकल्या नसत्या.