किड्यांच्या मॅक्रो (अगदी जवळून काढलेल्या) फोटोत बॅकग्राउंड पार पुसून टाकायचं का?

माळरान
स्पष्टच बोलतो. मागचं सगळं एका रंगात विरघळवून टाकायचं जे फॅड आलंय ते मला अजिबात पटत नाही. प्लेन टायगर फुलपाखराची मादी रुईच्या पानावर अंडं घालतेय आणि फोटोत मागे नुसता पोपटी रंग, मग ती शेतात होती का रस्त्याकडेच्या कुंपणावर, आजूबाजूला अजून रुई होती का, काही म्हणजे काही कळत नाही, असा फोटो स्टुडिओतही निघेल. ब्लर हवाच. पण तो किती आहे यापेक्षा कसा उतरतोय ते बघा ना. पानाची कड हळूहळू सुटत जावी, मागे गवत आहे का झुडूप एवढं तरी समजावं. वाईट बोके (bokeh, म्हणजे ब्लरचा पोत) मी कशाला म्हणतो, तर मागे दव आहे आणि सात पात्यांचं अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) एफ ११ ला, म्हणजे बरंच लहान, केलं की एकेका थेंबाचा टोकदार सप्तकोन होतो, किंवा काही लेन्सना ठिपक्याच्या कडेला चमकदार रिंग येते आणि गवताची प्रत्येक काडी दुहेरी दिसायला लागते. तिकडे कोणी लक्ष देत नाही, सगळे फक्त "केवढं क्लीन" एवढंच बघतात.

एफ_अकरा
पूर्ण असहमत. लाँगहॉर्न बीटलच्या मिशा त्याच्या अंगापेक्षा लांब असतात आणि दोऱ्यासारख्या बारीक. मागे तेवढ्याच जाडीच्या चार काड्या अर्धवट दिसत असतील तर मिशी कुठली आणि काडी कुठली हे शोधण्यातच बघणाऱ्याचा वेळ जातो. आकार उठून दिसायला हवा, ते पहिलं काम, बाकी सगळं नंतर. रुई होती हे कॅप्शनमध्ये लिहा, एका ओळीचं काम आहे. आणि अधिवासच दाखवायचाय तर वाइड अँगल मॅक्रो करा, लाओवा कंपनीची १५ एमएम लेन्स १:१ पर्यंत (सेन्सरवर किडा खऱ्या आकाराएवढा) जाते, किडा समोर मोठा आणि मागे अख्खं माळरान. दोन्ही एकाच फ्रेममध्ये अर्धं अर्धं कोंबायचा हट्ट कशाला?

पाणथळ
तुम्ही दोघंही असं बोलताय की ब्लर किती ठेवायचा ते बसल्या जागी ठरवता येतं. १:१ ला फुल फ्रेमवर एफ ८ म्हणजे जेमतेम १ मिलिमीटर डेप्थ (शार्प दिसणारी जाडी). एफ १६ ला २ मिलिमीटरच्या आसपास, पण तिथे इफेक्टिव्ह अ‍ॅपर्चर एफ ३२ झालेलं असतं, म्हणजे भोक इतकं लहान की डिफ्रॅक्शनने (प्रकाश पसरल्याने) डोळ्यातले बारीक फॅसेट (भिंगं) मऊ पडतात. त्यामुळे अ‍ॅपर्चर ठरवतो तो किडा. बॅकग्राउंड ठरतं अंतरावर. सगळे म्हणतात लांब लेन्स घ्या, १८० एमएम घ्या, पण हिशोब करून बघा: १:१ ला, एकाच अ‍ॅपर्चरवर, मागचं पान ५ सेंटीमीटरवर असेल तर १८० चा ब्लर ६० एमएमपेक्षा फक्त पाव पट जास्त, आणि तेच पान १ मीटर मागे असेल तर जवळपास अडीच पट. म्हणजे किडा दाट गवतात बसलाय तर महागडी लेन्स फार काही करत नाही. त्यात बऱ्याच मॅक्रो लेन्सची फोकल लेंथ जवळ फोकस करताना कमी होते, तो फायदा अजून घटतो.

एफ_अकरा
हिशोब मान्य, पण तो माझ्याच बाजूचा आहे. अंतर महत्त्वाचं असेल तर किडा निवडा, जागा निवडा. भाताच्या बांधावर टाचणी (चतुरासारखा नाजूक किडा) गवताच्या टोकाला बसली की तिच्या मागे मोकळी हवा असते. पोटावर झोपून कॅमेरा खाली आणायचा, सेन्सर तिच्या अंगाला समांतर ठेवायचा. १:२ ला (सेन्सरवर अर्ध्या आकाराला) एफ ८ वर साधारण ३ मिलिमीटर डेप्थ मिळते, डोळ्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत शार्प आणि मागे एकही रेघ नाही. यात काही खोटं नाहीये, मेहनत आहे.

रानवाट
मला दोघांपेक्षा फ्लॅशवाल्यांचा जास्त राग येतो. डिफ्यूझर किड्यापासून १० सेंटीमीटरवर, मागचं पान डिफ्यूझरपासून ३० वर, म्हणजे पानावर नववा हिस्सा उजेड, झालं बॅकग्राउंड काळं. भर दुपारी फुलावर बसलेली मधमाशी रात्रीतली वाटते. आयएसओ थोडा वाढवा, शटर खाली आणा, मागचा उजेड येऊ द्या की!

माळरान
@रानवाट शंभर टक्के. आणि सॉफ्टवेअरने मागून केलेला ब्लर तर मला चालतच नाही, फोनच्या पोर्ट्रेट मोडमध्ये मिशा कापल्या जातात, पायांच्या मधल्या फटीत बॅकग्राउंड शार्पच राहतं, तरी लोक वाहवा करतात.
@एफ_अकरा टाचणीचं उदाहरण तुम्ही सोपं घेतलंत, ती टोकाला बसते म्हणून. प्रार्थना कीटक टोकाला नाही बसत, तो काड्यांच्यात काडी होऊन बसतो आणि तेच तर त्याचं जगणं आहे. त्याच्या मागच्या काड्या पुसल्या तर फोटोत उरलं काय? तिथे एफ ४ वर स्टॅकिंग करून (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून) किडा तेवढा शार्प काढला तरी मागच्या काड्या निदान अस्पष्ट दिसू द्याव्यात असं माझं ठाम मत आहे.

एफ_अकरा
प्रार्थना कीटकाचं मान्य, तिथे काड्या हव्यात. पण एखादी चमकदार वाळकी काडी बरोब्बर डोक्यामागून जात असेल तर ती मी बाजूला करणार.

माळरान
बाजूला म्हणजे कशी? वाकवून सोडता का मोडता? कारण अशाच वाळक्या काड्यांवर त्यांची अंड्यांची कोशं चिकटलेली असतात, आणि मी लोकांना सर्रास उपटून फेकताना बघितलंय.

एफ_अकरा
मोडत नाही. कपड्याच्या चिमट्याने शेजारच्या काडीला धरून ठेवतो, फोटो झाला की सोडतो. आधी काडी वरपासून खालपर्यंत बघून घेतो, कोश किंवा अळी असेल तर हातच लावत नाही, मीच कॅमेरा दोन बोटं सरकवतो. तेवढ्यानेही बहुतेक वेळा काडी डोक्यामागून निघते.

पाणथळ
आधी सरकूनच बघा. चिमटा लावताना गवत हललं की प्रार्थना कीटक काडीच्या पाठीमागे जातो आणि परत समोर यायला तयार होत नाही.