टायरमधून डिझेल? आधी गंधकाचं बोला

शंकासुर:
कालचा 'कचऱ्यातून सोनं' हा लेख वाचून राहवलं नाही. म्हणे टायर तापवा, डिझेल घ्या, आणि तेल कंपन्यांनी हे तंत्र दाबून ठेवलंय. कोणी काही दाबलेलं नाही हो! हवा लागू न देता टायर ४००-५०० अंशांवर तापवला की १०० किलोंतून साधारण ४०-४५ किलो तेल निघतं, तीसेक किलो कार्बनची भुकटी, दहा-पंधरा किलो तार, बाकी वायू. यात गुपित कसलं? पण ते तेल म्हणजे डिझेल नव्हे. गुडइयरने १८३९ मध्ये रबरात गंधक मुरवायला सुरुवात केली, ते गंधक तेलात उतरणारच. टक्क्याच्या आसपास, म्हणजे दहा लाखांत १०,००० भाग. युरो ६ या युरोपच्या प्रदूषण-मानकातल्या डिझेलला परवानगी १० भागांची. जहाजांच्या जाड तेलालासुद्धा २०२० पासून अर्धा टक्काच चालतो. हे गाडीत ओतणार?

भट्टीकर:
डिझेल म्हणून विकणारे चोर आहेत, यात वाद नाही. पण म्हणून सगळंच थोतांड? कारखान्याच्या बर्नरला, धूर धुण्याची सोय असेल तर, हे तेल चालतं. उष्णता डिझेलच्या जवळपास. भट्टी एकदा तापली की स्वतःच्याच वायूवर चालते. आणि तुमचा पर्याय काय, ढीग रचून ठेवायचे? वेल्समधल्या हेयोपचा ढीग १९८९ मध्ये पेटला आणि पंधराएक वर्षं आत धुमसत राहिला. कॅनडात हेगर्सव्हिलला १९९० मध्ये १७ दिवस आग, कोटीहून जास्त टायर. त्या धुरातलं गंधक मोजलंत?

शंकासुर:
ढीग रचा असं मी कुठे म्हटलं? सिमेंटच्या भट्टीत टाका. तिथे १४५० अंश असतात, गंधक चुन्यात अडकतं, तारेचं लोखंड क्लिंकरमध्ये, म्हणजे सिमेंटच्या भाजलेल्या गोळ्यांत, जिरतं, राखही वेगळी उरत नाही. तुमच्या भुकटीचं काय करता ते सांगा आधी. जस्त आणि सिलिकाने भरलेली. टायरच्या रबरात घालतात त्या नव्या काजळीच्या, म्हणजे कार्बन ब्लॅकच्या, जागी ती जशीच्या तशी कोण घेतो?

रिमोल्डराव:
सगळे जाळायलाच टपलेत! टायर आधी भंगारात जाऊ देताच कशाला? केसिंग, म्हणजे टायरचा आतला सांगाडा, धड असेल तर वर नवं रबर चढवा, म्हणजेच रिमोल्ड करा. विमानांचे टायर कितीतरी वेळा रिमोल्ड होतात, त्यात बसताना कोणाला भीती वाटत नाही.

वाटसरू:
रिमोल्डचं नाव काढू नका. पुढच्या ट्रकच्या टायरची अख्खी पट्टी सुटून माझ्या काचेवर आली होती. शेजारी मुलगी बसलेली. थोडक्यात वाचलो. बंदीच घाला.

रिमोल्डराव:
वाईट झालं. पण तो टायर रिमोल्ड होता हे कळलं कसं? हवा कमी आणि माल जास्त असला की नव्या टायरचीही पट्टी सुटते. पट्टीत तारा होत्या का? असतील तर केसिंगच फाटलं होतं, वर चढवलेल्या रबराचा जोड नव्हे.

वाटसरू:
हो ना, काचा अंगावर पडल्यावर उतरून तारा मोजायला हव्या होत्या! चुकलंच माझं.

भट्टीकर:
धागा तेलाचा आहे हो. रिमोल्ड केलेला टायरही कधीतरी मरतोच, मग तो आमच्याकडेच येतो.

रात्रपाळी:
'आमच्याकडे' म्हणताय म्हणून लिहितो. मी अशाच एका प्लांटवर होतो. मालकाला पुढचा घाणा लवकर लावायचा होता, म्हणून भट्टी पुरती गार न होता दार उघडायला लावलं. तापलेल्या भुकटीला हवा लागली आणि भडका. माझ्या जोडीदाराचे दोन्ही हात भाजले. टायर कमी पडले की कसलंही प्लास्टिक त्यात ढकलायचे. पीव्हीसी गेलं की आम्ल तयार होतं, पाइप खाऊन टाकतं. उष्णतेचे आकडे तुम्ही खुशाल लिहा.

भट्टीकर:
हे भयंकर आहे. पण हा घाण्यावाल्यांचा दोष. सलग चालणाऱ्या प्लांटमध्ये दार उघडावं लागत नाही, भुकटी हवेऐवजी नायट्रोजनखाली गार होऊनच बाहेर येते.

शंकासुर:
आणि तो सलग प्लांट परवडतो कोणाला? अमेरिकेत कार्थेजला टर्की पक्ष्यांच्या आतड्यांपासून तेल काढायचा मोठा गाजावाजा झाला. वासाने गाव हैराण, आणि २००९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत. बरं, नायट्रोजनवाला प्लांट असेल तर बर्नरपुरतं तेल काढा, हरकत नाही. झालं समाधान? फक्त त्याला 'डिझेल' म्हणू नका आणि 'फुकट' तर मुळीच नाही.

भट्टीकर:
मोठे उपकार. तुमच्या सिमेंट भट्टीची चिमणी कोण तपासतं, तेही सांगून टाका.

वाटसरू:
विमानाचा टायर दर वेळी तपासून मगच चढवतात. ट्रकचा कोण तपासतो? याचं उत्तर अजून आलेलं नाही, रिमोल्डराव.

रिमोल्डराव:
मग तपासणीची सक्ती मागा ना! बंदी घातली तर तोच मालक गुळगुळीत टायर तार दिसेपर्यंत पळवेल, आणि तुम्ही त्याच्याच मागे असाल.