मदत हवी आहे: स्विमिंग पूलचा पंप हवा खेचतोय, सक्शन कमी झालंय

नमस्कार मंडळी. घरच्या पूलचा पंप सुरू केला की पंपाच्या तोंडाशी असलेल्या गाळणीच्या पारदर्शक झाकणाखाली पाणी पूर्ण भरतच नाही, वर हवेचा थर राहतो. पूलमध्ये परत येणाऱ्या पाण्यातून सतत बुडबुडे निघतात आणि तळ साफ करायचा व्हॅक्यूम तर जागचा हलत नाही. फिल्टरच्या गेजवरचा दाब नेहमीपेक्षा कमी आहे, म्हणजे फिल्टर तुंबलेला नसावा. दोष पंपाच्या आधीच्या बाजूला असावा असं मला वाटतं.

पाण्याची पातळी स्किमरच्या (पूलच्या भिंतीतला, वरचं पाणी आणि कचरा ओढून घेणारा भाग) तोंडाच्या मध्यावर आहे. स्किमरमधली आणि पंपाच्या गाळणीतली, दोन्ही जाळ्या साफ आहेत. झाकणाची रबरी रिंग नवी टाकली, तिला सिलिकॉन ग्रीस लावलं (पेट्रोलियम जेलीने रबर फुगतं, म्हणून ती टाळली). तरी फरक नाही.

एक धागा मात्र सापडलाय. स्किमरचा व्हॉल्व्ह बंद करून फक्त तळाच्या ड्रेनवर पंप चालवला की बुडबुडे बरेच कमी होतात. मग हवा स्किमरच्या लाइनमधूनच शिरतेय का, की व्हॉल्व्हच्या दांड्याचं सील गेलंय? पंप चालू असताना सांध्यांवर शेव्हिंग फोम लावला, तर तो नेमका कुठे आत ओढला जातो हे खात्रीने कळतं का? पाइप जमिनीखाली आहे. फरशी फोडण्याआधी लाइनची प्रेशर टेस्ट घरी करता येते का, आणि किती दाबापर्यंत? पंप कोरडा पडून सील जळेल याची फार काळजी वाटते, म्हणून सध्या तो बंदच ठेवलाय. अनुभवी लोकांनी कृपया सांगावं.